ईश्वरी देणगी म्हणून विश्वास

ख्रिस्ती धर्मशास्त्रातील एक मूलभूत शिकवण. माणूस देवावर विश्वास ठेवतो तो स्वतःच्या बुद्धीच्या, सदाचाराच्या किंवा निश्चयाच्या बळावर नव्हे. तो विश्वास देवच कृपेने त्याच्या ठायी उत्पन्न करतो, असे ती सांगते. मराठी प्रोटेस्टंट मंडळ्यांत यासाठी ‘विश्वास’ हा शब्द रूढ आहे. कॅथलिक लेखनात ‘श्रद्धा’ही सर्रास येतो. या शिकवणीचे पहिले फळ म्हणजे नम्रता, अशी ख्रिस्ती परंपरेची धारणा आहे : जे कमावलेलेच नाही त्याची फुशारकी मारायची कशी? वरकरणी हा निव्वळ भक्तिभावाचा मुद्दा वाटतो. प्रत्यक्षात त्यावरून पाचव्या शतकापासून सतराव्या शतकापर्यंत परिषदा भरल्या, बिशपांची पदे गेली आणि नेदरलँड्समध्ये तर एका वृद्ध मुत्सद्द्याचे शीरही गेले. गर्व मोडण्यासाठी मांडलेल्या विचाराचाच गर्व वाहता येतो, हे या इतिहासात पुन्हा पुन्हा दिसते.

बायबलमधील आधार

सर्वांत जास्त उद्धृत होणारे वचन आरंभीचा ख्रिस्ती प्रचारक पौल याच्या नावे असलेल्या इफिसकरांस पत्रातील आहे (२:८–९). तारण (पापातून सुटका) कृपेने, विश्वासाच्या द्वारे झाले. ते तुमच्या हातून नव्हे, ते देवाचे दान आहे. कर्मांमुळे नव्हे, म्हणजे कोणी आढ्यता मिरवू नये, असा त्याचा आशय. दान आणि आढ्यता यांची सांगड इथे एकाच दमात घातलेली आहे. यातले ‘दान’ म्हणजे नेमका विश्वास, की विश्वासासह सगळे तारण, याविषयी भाष्यकारांत जुना मतभेद आहे. मूळ ग्रीक वाक्यातील सर्वनाम ‘विश्वास’ या नामाच्या लिंगाशी जुळत नाही. म्हणून बरेच जण दुसरा अर्थ घेतात. विश्वास ही देणगी आहे असे ठामपणे मानणारा सोळाव्या शतकातील धर्मसुधारक जॉन कॅल्व्हिनही या वचनाचा अर्थ तसाच करतो. त्यामुळे सगळी शिकवण या एका वचनावर उभी आहे असे समजणे बरोबर नाही. ख्रिस्तावर विश्वास ठेवणे हे ‘तुम्हाला दिले गेले आहे’ असे फिलिप्पैकरांस पत्र सांगते (१:२९). पित्याने ओढल्याशिवाय कोणी माझ्याकडे येऊ शकत नाही, असे योहानाच्या शुभवर्तमानात येशू म्हणतो (६:४४).

पुढच्या इतिहासात सर्वांत भारी ठरला तो मात्र पौलाने करिंथच्या मंडळीला (तेथील ख्रिस्ती समुदायाला) विचारलेला एक प्रश्न (१ करिंथ ४:७) : तुझ्याजवळ असे काय आहे, जे तुला मिळालेले नाही? आणि मिळालेले आहे, तर न मिळाल्यासारखा अभिमान का मिरवतोस? करिंथकरांत तेव्हा गट पडले होते. कोणी पौलाचा, कोणी अपुल्लोसाचा. प्रश्न तात्त्विक नव्हता, भांडण मिटवण्यासाठी टाकलेला होता. पण त्याची धार त्या भांडणापेक्षा पुष्कळ जास्त निघाली.

नम्रतेच्या बाजूने पाहायचे तर परूशी (धर्मनियम काटेकोर पाळणारा यहुदी) आणि लोकांच्या तिरस्काराचा धनी असलेला जकातदार यांचा येशूने सांगितलेला दाखला (लूक १८:९–१४) जवळून वाचावा. दोघे मंदिरात प्रार्थनेला जातात. जकातदार दूर उभा राहतो, डोळेही वर न करता ऊर बडवतो आणि मज पाप्यावर दया कर एवढेच म्हणतो. परूश्याची प्रार्थना आठवताना लोकांना त्याचे उपास आणि दशमांश आठवतात. तिचा पहिला शब्द कोणता, हे सहसा ध्यानात येत नाही. ती सुरू होते आभाराने : देवा, मी इतरांसारखा नाही, म्हणून तुझे आभार मानतो. म्हणजे आपला चांगुलपणा देवाने दिला, हे त्यालाही मान्य आहे. तोंडाने सगळे श्रेय देवाला देऊन तो शेजारच्या माणसाकडे तुच्छतेने पाहतो. देणगी म्हटले की नम्रता आपोआप आली, या समजुतीला हा दाखला चांगलाच छेद देतो.

ऑगस्टीन

या शिकवणीला रेखीव रूप दिले ते उत्तर आफ्रिकेतील हिप्पोचा बिशप ऑगस्टीन (३५४–४३०) याने. आधी त्याचे मत नेमके उलटे होते. ३९४ च्या सुमारास रोमकरांस पत्रावर लिहिताना त्याने केलेली मांडणी अशी : बोलावणे देवाचे, विश्वास ठेवणे आपले; आपण विश्वास ठेवला की सत्कृत्ये करण्याचे बळ पुन्हा देवाचे. अख्ख्या तारणात एवढी एकच गोष्ट माणसाच्या खात्यावर जमा होत होती. दोनएक वर्षांनी मिलानच्या सिम्प्लिसियानसने त्याला याकोब आणि एसाव यांच्याविषयी विचारले. ही जुळी भावंडे आईच्या पोटात असताना, बरेवाईट काहीही केलेले नसताना, देवाने याकोबाला निवडले ते कशाच्या आधारावर? पुढे तो विश्वास ठेवील हे देवाला आधीच ठाऊक होते, हे सोपे उत्तर. ऑगस्टीनने ते तपासले आणि टाकून दिले. पुढची सत्कृत्येही देवाला ठाऊक होतीच. मग निवड पुन्हा कर्मांवरच येऊन ठेपते. करिंथकरांना विचारलेल्या प्रश्नातून विश्वास तेवढा वगळायचा, याला त्याला आधार सापडेना. उतारवयात (४२६–२७) आपल्या सगळ्या लेखनाची फेरतपासणी करताना त्याने याविषयी लिहिले आहे : इच्छास्वातंत्र्याच्या बाजूने आपण पुष्कळ झटलो, पण जिंकली ती देवाची कृपा.

पेलाजियस या ब्रिटनहून रोमला आलेल्या तपस्व्याशी त्याचा जो वाद पेटला, तो त्यानंतरचा. ठिणगी एका प्रार्थनेने पडली, असे खुद्द ऑगस्टीन सांगतो. त्याच्या आत्मकथनात एक विनवणी आहे : तू जी आज्ञा करतोस ती पाळण्याचे बळ दे, मग हवी ती आज्ञा कर. रोममध्ये एका बिशपाने हे शब्द पेलाजियससमोर म्हटले. पेलाजियसला ते सहन झाले नाहीत आणि प्रकरण जवळजवळ हातघाईवर आले.

पेलाजियसला खलनायक ठरवण्याची चाल जुनी आहे आणि अन्यायाची आहे. बाप्तिस्मा घेऊन पूर्वीच्याच चैनीत राहणारी रोममधील उच्चकुलीन मंडळी तो रोज पाहत होता. ‘आम्ही दुबळे, देवच काय ते करील’ हे शब्द त्याच्या कानाला पळवाटेसारखे लागले, यात नवल नाही. देवाने कुवत दिली, नियमशास्त्र दिले, ख्रिस्ताचे उदाहरण पुढे ठेवले. आता इच्छा करणे आणि करून दाखवणे आपल्याकडे, असे त्याचे म्हणणे. ऑगस्टीनला यात धोका दिसला तो नैतिक कळकळीचा नव्हे, तर अशा कळकळीतून उगवणाऱ्या स्वावलंबी संतपणाचा. ४१८ मध्ये कार्थेजच्या परिषदेने पेलाजियसची मते निषिद्ध ठरवली, सम्राट होनोरियसने त्याच्या अनुयायांना रोमबाहेर काढले, आणि आधी त्याला निर्दोष म्हणणाऱ्या पोप झोसिमसनेही पुढे निषेधपत्र काढले. त्यावर सही करायला नकार देणाऱ्या इटलीतील अठरा बिशपांना पदांवरून दूर करण्यात आले.

विजयी शिकवणीची अडचण लगेच पुढे आली, तीही मठाच्या भिंतींआड. ४२६ च्या सुमारास हाद्रुमेतुम (आजचे ट्युनिशियातील सूस) येथील काही मठवासींनी ऑगस्टीनचे लेखन वाचून रोकडा सवाल केला : सगळे कृपेनेच होते, तर आम्ही चुकलो की वडीलधारे आम्हाला रागावतात कशाला? त्यांनी आमच्यासाठी प्रार्थना करावी, बस्स. ऑगस्टीनने त्यांना दोन ग्रंथ लिहून उत्तर दिले. कानउघाडणी हेही कृपेचे एक साधन होऊ शकते, असा त्यातील एक मुद्दा. तो पटण्यासारखा आहे. पण मठवासींचा सवाल त्यामुळे पुरता मिटला, असे काही वाटत नाही.

पहिले पाऊल कोणाचे?

दक्षिण गॉलमधील (आजच्या दक्षिण फ्रान्समधील) मठवासी पेलाजियसच्या बाजूचे नव्हते. कृपेशिवाय तारण नाही हे त्यांना मान्य होते. त्यांची शंका फक्त आरंभापुरती होती. मार्सेयच्या जॉन कॅशियनने ती उदाहरणे देऊन मांडली आहे. आरंभ नेहमी माणसाचा म्हणावा, तर मंडळीचा छळ करणारा पौल आणि जकातीच्या नाक्यावर बसलेला मत्तय यांचे काय? त्यांना तर ओढूनच आणले. आरंभ नेहमी देवाचा म्हणावा, तर येशूला पाहायला झाडावर चढलेला जक्कय आणि वधस्तंभावरचा चोर यांचे काय? कॅशियनच्या मते देव कधी आधी येतो, कधी माणसाच्या पावलाची वाट पाहतो. अनुभवाच्या अंगाने हे म्हणणे अगदी खरे वाटते.

५२९ मध्ये आर्लचा बिशप सेझेरियस याच्या पुढाकाराने फ्रान्समधील ओरांज येथे चौदा बिशप एका चर्चच्या अर्पणसोहळ्यासाठी जमले असताना हा प्रश्न निकाली काढण्यात आला. विश्वासाची वाढच नव्हे, तर त्याचा आरंभ आणि विश्वास ठेवावासा वाटणे, हीसुद्धा कृपेची देणगी आहे, असे त्यांनी ठरवले. त्याच बैठकीत देवाने कोणाला दुष्टतेसाठी नेमले आहे ही कल्पना त्यांनी कडक शब्दांत नाकारली. पोप दुसरा बोनिफेस याने ५३१ मध्ये या निर्णयांना मान्यता दिली. पुढे मध्ययुगात ते शतकानुशतके विस्मृतीत गेले आणि सोळाव्या शतकात, प्रोटेस्टंट पंथ ज्यातून निघाले त्या धर्मसुधारणेच्या काळात पुन्हा हाती आले.

पूर्वेकडील ऑर्थोडॉक्स परंपरेने हा वाद अशा टोकाला कधी नेलाच नाही. तिथे दैवी कृपा आणि मानवी प्रतिसाद यांच्या सहकार्याची भाषा चालते, आणि पश्चिमेत संशयाने पाहिला गेलेला कॅशियन तिथे संत आहे. त्याचा सण २९ फेब्रुवारीला येतो. नम्रतेच्या साधनेत मात्र ही परंपरा फार खोल गेली. ‘प्रभू येशू ख्रिस्ता, देवाच्या पुत्रा, मज पाप्यावर दया कर’ हा तिथला अखंड जप म्हणजे जकातदाराची प्रार्थनाच होय.

मध्ययुग ते धर्मसुधारणा

सहाव्या शतकातील बेनेडिक्टच्या मठनियमावलीत नम्रतेच्या बारा पायऱ्या सांगितल्या आहेत. स्वतःत काही चांगले दिसले तर ते देवाचे समजावे आणि वाईट मात्र आपलेच, अशी ताकीदही त्यात आहे. तेराव्या शतकात थॉमस अक्वायनसने याच विचाराची तार्किक बाजू बांधली. दोन माणसे एकच प्रवचन ऐकतात, एकच चमत्कार पाहतात. एक विश्वास ठेवतो, दुसरा ठेवत नाही. अर्थात बाहेरचे कारण पुरेसे नाही. आतून मन वळवणारा कोणीतरी हवा, आणि तो देव. मात्र विश्वास ही मन मारून केलेली शरणागती नव्हे. कृपेने हललेल्या इच्छेच्या सांगण्यावरून बुद्धीने दिलेली ती संमती आहे, असे तो म्हणतो.

मार्टिन ल्यूथरने हा विचार घराघरांत नेला. मुलांना व घरच्या माणसांना शिकवण्यासाठी १५२९ मध्ये त्याने लिहिलेल्या लहान प्रश्नोत्तरीत पवित्र आत्म्याविषयीच्या कलमाचा खुलासा एका विलक्षण कबुलीने सुरू होतो : मी स्वतःच्या बुद्धीने किंवा शक्तीने ख्रिस्तावर विश्वास ठेवू शकत नाही, असा माझा विश्वास आहे. त्याआधी इच्छास्वातंत्र्यावरून इरॅस्मस या डच विद्वानाशी त्याची लेखी झुंज (१५२४–२५) झाली होती. ट्रेंटच्या परिषदेने जानेवारी १५४७ मध्ये कॅथलिक बाजू निश्चित केली. पहिली हाक कृपेची, आणि ती कोणत्याही पुण्याईवाचून येते, हे परिषदेने निःसंदिग्धपणे सांगितले. मात्र माणूस त्या हाकेला होकार देतो आणि नकारही देऊ शकतो, यावर ती अडून राहिली. दोन्ही पक्ष एकमेकांवर गर्वाचाच आरोप करत होते : एकाच्या मते दुसरा कर्माचा गर्व वाहत होता, दुसऱ्याच्या मते पहिला खात्रीचा.

डॉर्ट

हॉलंडमधील डॉर्ट येथे १६१८–१९ मध्ये भरलेली परिषद या विषयातील सर्वांत काटेकोर आणि सर्वांत अस्वस्थ करणारी. याकोबस आर्मिनियसच्या (मृत्यू १६०९) अनुयायांचे म्हणणे असे होते की, कृपा आवश्यक आहे, पण तिला माणूस विरोध करू शकतो. परिषदेने ते फेटाळले. विश्वास देवाने नुसता पुढे केलेला नसतो, की घ्यायचा तर घ्या. तो प्रत्यक्ष दिला जातो, आत फुंकला जातो, असे तिने ठरवले. लगेच पुढच्या कलमात तिने सांगितलेली गोष्ट सहसा कोणी उद्धृत करत नाही : ज्यांना अजून पाचारण झालेले नाही त्यांच्यासाठी प्रार्थना करावी, आपणच स्वतःला त्यांच्याहून वेगळे केले अशा थाटात त्यांच्यासमोर मिरवू नये. पौलाचा करिंथकरांना विचारलेला प्रश्नच इथे कलमात उतरला आहे. बाहेर राजकारण वेगळ्याच वाटेने चालले होते. आर्मिनियस पक्षाला आश्रय देणारा मुत्सद्दी योहान फान ओल्डेनबार्नेफेल्ट याचा मे १६१९ मध्ये, वयाच्या ७१व्या वर्षी, हेग येथे शिरच्छेद झाला. कारणे राजकीयही होती, हे खरे. तरी नम्रतेचे कलम आणि ही शिक्षा एकाच महिन्यातली आहेत.

पुढे मेथडिस्ट चळवळीचा प्रवर्तक जॉन वेस्ली (१७०३–९१) याने मधला मार्ग काढला : आधी येऊन माणसाला जागे करणारी कृपा सर्वांनाच मिळते, म्हणून होकार देण्याची शक्तीही देणगीच. ३१ ऑक्टोबर १९९९ रोजी आउग्सबुर्ग येथे ल्यूथरन आणि कॅथलिक प्रतिनिधींनी नीतिमान ठरण्याविषयीच्या संयुक्त घोषणापत्रावर सह्या केल्या. आपल्या कोणत्याही योग्यतेमुळे नव्हे, केवळ कृपेने देव आपला स्वीकार करतो, हे त्यात दोघांनी मिळून म्हटले आहे.

आचार आणि अनुभव

प्रौढ व्यक्ती कॅथलिक धर्मसभेत प्रवेश करते, तेव्हा विधीच्या आरंभी तिला विचारले जाते : देवाच्या मंडळीकडे काय मागतोस? उत्तर असते : विश्वास. आपला तयार विश्वास घेऊन तो उमेदवार दाराशी आलेला नाही, तो मागायला आला आहे, हे विधीनेच ठरवून टाकलेले असते.

देणगी म्हटली की ती परत गेल्यासारखी वाटण्याचा अनुभवही येतो. लिझ्यची तेरेझा (१८७३–९७) ही फ्रेंच कार्मेल संन्यासिनी १८९६ च्या ईस्टरपासून मरेपर्यंत गडद अंधारात होती. स्वर्ग आहे असे तिला वाटेनासे झाले. त्याआधी खरोखर विश्वास नसलेली माणसे असू शकतात, हेच तिला पटत नसे. आता ती त्यांना ‘भाऊ’ म्हणू लागली आणि त्यांच्याच पंगतीत बसून दुःखाची भाकर खायला आपण तयार आहोत, असे तिने लिहिले. धर्मशास्त्रज्ञांच्या शेकडो पानांपेक्षा या काही ओळींत देणगी आणि नम्रता यांचा संबंध अधिक उघड दिसतो.

आक्षेप

देणगी असेल तर ती सर्वांना का मिळत नाही, हा सर्वांत जुना आक्षेप. ऑगस्टीनही शेवटी पौलाच्याच शब्दांत देवाच्या अगाधतेकडे बोट दाखवून थांबतो. दुसरा आक्षेप नम्रतेवर आहे. जर्मन तत्त्वचिंतक नीत्शे याने १८८७ मध्ये तिला दुर्बळांच्या असूयेतून निपजलेले मूल्य म्हटले. त्याहून जास्त बोचणारी टीका धर्मशास्त्राच्या आतूनच आली. अमेरिकन विदुषी व्हॅलरी सेव्हिंग हिने १९६० मधील एका लेखात दाखवून दिले की, गर्व हे मूळ पाप मानणारी मांडणी पुरुषांच्या अनुभवावर बेतलेली आहे. स्वतःला पुसून टाकण्याचीच सवय लावलेल्या स्त्रियांना पुन्हा नम्रतेचा उपदेश करणे म्हणजे त्यांच्या दुखण्यालाच औषध म्हणणे.

मराठी संदर्भ

महाराष्ट्रात ही शिकवण भक्तिपरंपरेने नांगरलेल्या जमिनीत पडली. माकडाचे पिल्लू आईला स्वतः घट्ट धरते, मांजराच्या पिल्लाला आईच उचलते, या दोन न्यायांवरून दक्षिणेतील श्रीवैष्णवांत झालेला वाद ओरांज आणि डॉर्ट येथील वादांच्या फार जवळचा आहे. कवी नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) यांचा १० फेब्रुवारी १८९५ रोजी बाप्तिस्मा झाला. तुकारामांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असे ते म्हणत, आणि त्यांच्या ख्रिस्ती अभंगांत वारकऱ्यांचे लीनपण जसेच्या तसे उतरले आहे.

पंडिता रमाबाईंची (१८५८–१९२२) गोष्ट इतकी सरळ नाही. कलकत्त्याच्या विद्वानांनी ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या दिलेल्या या बाईंनी २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमधील वाँटेज येथे बाप्तिस्मा घेतला. त्यानंतर त्रैक्यासारख्या (पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव) सिद्धांतांवर त्या प्रश्न विचारू लागल्या, तेव्हा त्यांच्या धर्ममाता सिस्टर जेराल्डिन यांना त्यात अहंकार दिसला. रमाबाईंनी १८८५ मध्ये त्यांना स्वच्छ लिहिले की, मी ख्रिस्ताच्या मंडळीची सभासद आहे, पण धर्मगुरूंच्या आणि बिशपांच्या तोंडून पडणारा प्रत्येक शब्द मानायला बांधलेली नाही. देवापुढची नम्रता आणि संस्थेपुढची मान तुकवणी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे सेव्हिंगच्या पाऊणशे वर्षे आधी एका मराठी बाईने पत्रातून सुनावले होते.

रमाबाईंनी १९०७ मध्ये आपली साक्ष प्रसिद्ध केली. ख्रिस्ती धर्म आपल्याला सापडला होता, ख्रिस्त सापडला नव्हता, असे त्या तीत म्हणतात. ख्रिस्ती झालेले पंडित नेहेम्या गोऱ्हे यांच्या युक्तिवादांनी बुद्धी पटली होती. मनाचे समाधान झाले नव्हते. ते घडायला विल्यम हॅस्लम या कॉर्नवॉलमधील धर्मगुरूचे आत्मवृत्त निमित्त झाले. हा हॅस्लम १८५१ मध्ये स्वतःच्या व्यासपीठावर, स्वतःचेच प्रवचन देता देता पालटला होता, आणि श्रोत्यांतून ‘पाद्री पालटला!’ अशी आरोळी उठली होती. रमाबाईंना सर्वांत मोलाचे वाटले ते हे की, हे दान फुकट आहे. स्त्रीला आणि शूद्राला ते मिळवण्यासाठी आधी दुसरा जन्म घ्यावा लागत नाही. पुढे केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये त्यांनी हिब्रू आणि ग्रीक शिकून बायबलचे मराठी भाषांतर हाती घेतले. संस्कृतवर एवढे प्रभुत्व असूनही त्यासाठी त्यांनी निवडली ती अल्पशिक्षित बायकांना समजेल अशी साधी मराठी. मुक्तीच्या छापखान्यात तिथल्याच स्त्रियांच्या हातून छापलेले ते बायबल १९२४ मध्ये बाहेर पडले.